ओटीपी कुणालाच सांगायचा न्हाई

२१ जुलै, सोमवार

ही वही पुराव्यासाठी हाय, मन मोकळं करायला न्हाई. मागच्या महिन्यात कळमनुरीला सायबर सुरक्षेचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, संशय येईल ती गोष्ट तारीख, वार, टाइम टाकून लिहून ठेवा, पुढं केस झाली तर कामाला येते. केस तर होणारच हाय. कुणावर, ते पयल्याच पानावर लिहून ठेवतो. देविदास. माझा सख्खा धाकटा भाऊ, मोबाइल दुरुस्तीवाला. त्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून, मधी एक पत्रा.

माझं वारंगा फाट्यावर ऑनलाइन सेंटर हाय. फॉर्म, दाखले, निकाल, झेरॉक्स. आधी दोघांचं एकच दुकान होतं. दोन वर्षांमागं तातेराव मामांनी वाटणी करून दिली. मधी पत्रा मारला, इन्व्हर्टर मला दिला अन् नेटचा डबा देविदासला. माझ्या इन्व्हर्टरची वायर पत्र्याखालून तिकडं जाते, त्याच्या डब्याची वायर हिकडं येते. मामा म्हणले, "आता भांडा कसे भांडता ते. एकानं वायर उपसली की दोघंबी बोंबलत बसताल." तवापासून आमचं बोलणं बंद हाय अन् वायरी चालू हायेत. देविदासचा नंबर मी ब्लॉक करून टाकला.

आजची नोंद. कॉम्प्युटरात व्हायरस अडवायचं सॉफ्टवेअर टाकलंय, त्याचं कोपऱ्यात लाल ढालीचं चित्र येतं, म्हणून मी त्याला ढाल म्हणतो. फुकटात तीस दिवस चालते, ते आज संपले. विकत घ्या म्हणून राहिली. फुकट मिळतं ते विकत घेणारा मी न्हाई. मी कॉम्प्युटरचं घड्याळच मागं नेलं. २१ जून केलं. तारीख आपोआप दुरुस्त व्हायचं बटण असतं, तेबी बंद केलं. लगेच ढाल म्हणली, तीस दिवस बाकी. एकट्यालाच हसू आलं. कंपनीतले इंजिनेर शहाणे का फाट्यावरचा विजयकुमार शहाणा?

ढाल मला पाहिजेच. मे महिन्यात तांड्यावरच्या लालसिंगच्या पोराचा पोलीस भरतीचा फॉर्म माझ्या हातून खोट्या साइटवर भरला गेला. दिसायला साइट हुबेहूब खरी. पोरगं वर्षभर पहाटे उठून रस्त्यानं पळत होतं, त्याला मैदानात पाय ठेवू दिला न्हाई. लालसिंग दुकानात उभा राहून मला आईवरून बोलला, फाट्यावरचे सगळे ऐकत होते. अन् पत्र्याच्या पलीकडं देविदास हसला. मी माझ्या कानानं ऐकलं.

२४ जुलै, गुरुवार

तातेराव मामा सकाळी येऊन डोकं खाऊन गेले. त्यांच्या अर्जाची प्रिंट काढून दिली होती, तिच्या वरच्या कोपऱ्यात मागच्या महिन्याची तारीख आली म्हणे. हापिसातल्या माणसानं परत पाठवलं. मी म्हणलो, "मामा, अर्ज आतून बराबर हाय ना? मंग कोपऱ्यातल्या तारखेला काय चाटायचंय?" पेनानं खोडून नीट करून दिली.

"अरे पण चुकली काहून?"

"मशीन हाय मामा, चुकती कवा कवा."

जाताना पलीकडं चहा प्यायला बसले. तिकडून दोघांच्या हसण्याचा आवाज. टाइम सकाळी ११.२०.

१ ऑगस्ट, शुक्रवार

हे काय पुराव्यात बसत न्हाई, तरी लिहितो. माझ्या लेकीचं, प्रतिक्षाचं नाव लागलं! नर्सिंगच्या पयल्या यादीत, नांदेडच्या सरकारी कॉलेजात. माझ्या दुकानात, माझ्या कॉम्प्युटरवर यादी बघितली. मी पेढे आणले, सगळ्या फाट्याला वाटले, पत्रा सोडून.

माझ्या बायकोला, शिलाला जाऊन चार वर्षं झाली. नांदेडच्या दवाखान्यात शेवटचे अकरा दिवस प्रतिक्षा आईपाशी होती, तवा नववीत होती. तिथल्या एका सिस्टरनं तिला सलाइन कशी बघायची ते शिकवलं. तवापासून पोरीच्या डोक्यात हेच. मला वाटायचं, लांब जाईल. नांदेड मंजे एसटीनं तासाभराचा रस्ता. रोज संध्याकाळी घरी. माझ्या हातची नसली तरी तिच्या हातची भाकर मला मिळंल.

तेरा तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत प्रवेश पक्का करायचा. पत्र काढायचं, सही करायची, स्कॅन करून चढवायचं, मंग ओटीपी. ओटीपी माझ्या नंबरवर येतो, फॉर्म भरतानाच मी माझा नंबर टाकला होता. पोरीबाळीचा नंबर कुठं बी देत न्हाई मी.

४ ऑगस्ट, सोमवार

प्रतिक्षाचं पत्र काढायला बसलो अन् साइट उघडीच ना. पडदाभर लाल. "हे संकेतस्थळ असुरक्षित आहे. तुमच्या सुरक्षेसाठी अडवले." खाली बारीक इंग्रजीत तारखेबिरखेचं कायतरी होतं, ते कोण वाचतंय. चार वेळा केलं, चारी वेळा लाल. तीन दिवसांमागं हीच साइट लोण्यावानी उघडली होती.

प्रतिक्षानं तिच्या मोबाइलवर उघडून दाखवली. उघडली. ती म्हणली, "बाबा, ढालीचंच कायतरी हाय. पाच मिनिटं बंद करून बघा."

"ढाल बंद करायची न्हाई. लालसिंगचं विसरलीस का?"

मी डोकं लावलं. मोबाइलचं नेट कंपनीचं, दुकानाचं नेट देविदासच्या डब्यातून येतं. कंपनीच्या नेटवर साइट खरी, डब्याच्या नेटवर खोटी. मंजे गडबड डब्यात. देविदास मला खोट्या साइटवर ढकलून राहिला, अन् ढाल मला वाचवून राहिली. दोन वर्षं मी म्हणत होतो ना? सापडला.

प्रतिक्षा म्हणली, "मी वायफायवरबी उघडून बघितली बाबा, तरी उघडते."

"तुला डब्याचा पासवर्ड कुणी सांगितला?"

ती म्हणली, "काकानं." मी जे बोलायचं ते बोललो. पत्र्याच्या पलीकडं जो जाईल त्यानं मला तोंड दाखवायचं न्हाई, असं पण म्हणलो. दुपारी १.४०.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज मोठ्या आवाजात, पत्र्याकडं तोंड करून, गिऱ्हाइकाला सांगितलं, "ह्या फाट्यावर काही लोक दुसऱ्याच्या लेकराचं वाटोळं करायला बसलेत." तिकडचा स्क्रू पिळायचा आवाज थांबला. मंग पुन्हा चालू झाला. निर्लज्ज.

साइट लालच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

वायर उपसली. इन्व्हर्टरची, देविदासकडं जाणारी. लई दिवसांचा हिशेब मनात होता. लाइट गेल्यावर कळंल त्याला.

प्रतिक्षा म्हणली, "बाबा, लाइट गेली तर त्यांचा डबा बंद, मंजे आपलं नेट बंद." मी म्हणलो, असलं नेट नसलेलं बरं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. बहीण दिपा सेनगावहून आली. आधी माझ्या दुकानात राखी बांधली, मंग देविदासच्या. मधी रस्त्यावर उभी राहून तिनं डोळे पुसले, ते मला काचेतून दिसलं. आमची माय, नर्मदाबाई, पंधरा दिवस माझ्याकडं अन् पंधरा दिवस देविदासकडं राहते. सध्या तिकडं हाय. दिपाच्या हाती माझ्यासाठी थालीपीठ पाठवलं. खाल्लं. थालीपिठाशी काय भांडण न्हाई.

११ ऑगस्ट, सोमवार

फाट्यावरची लाइटची डीपी जळाली. वायरमन म्हणतो, नवीन यायला आठवडा लागंल. देविदासकडं अंधार. डबा बंद, प्रिंटर बंद, सोल्डरिंग बंद. हातात टॉर्च धरून मोबाइल उघडून राहिला. बघून जीव गार झाला, खोटं काहून बोलू.

माझंबी नेट गेलं, पण ते चालतं. इन्व्हर्टर जपून वापरला तर दोन-तीन दिवस निघतील.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला जोडलं. देविदासच्या डब्याचा काही संबंधच न्हाई. साइट उघडली. लाल.

पाणी पिलो. मंग ध्यानात आलं, त्यानं डब्यातून किडा कधीच माझ्या कॉम्प्युटरमधी घुसवून ठेवला. डबा बंद असला तरी किडा आत हाय. केवढा पाताळयंत्री माणूस. लहानपणी मी ह्याला खांद्यावर बसवून सिद्धेश्वरचं धरण दाखवायला नेलं होतं.

प्रतिक्षा दिवसभर माझ्या मागं. "बाबा, कळमनुरीला जाऊ. तिथल्या सेंटरवर दहा मिनिटांचं काम हाय."

"बाप सेंटरवाला अन् पोरगी दुसऱ्याच्या सेंटरवर? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. उद्या आख्ख्या कॉम्प्युटरचं स्कॅन लावतो, किडा निघाला की साइट उघडती."

"उद्या शेवटची तारीख हाय."

"मुदतवाढ होती."

बारा वर्षं झाली मला ह्या धंद्यात. मला एक फॉर्म दाखवा ज्याला मुदतवाढ झाली न्हाई. शेवटच्या तारखेला जीव टाकून पळतात ते नवशिके. ती मानेना. मी आवाज चढवला.

१३ ऑगस्ट, बुधवार, संध्याकाळी पावणेसहा

आजचा दिवस टाइमासकट लिहितो, कारण आज पुरावा मिळाला. साहेबांना ही वही दाखवली तर पाठ थोपटतील.

सकाळी ९.३०. स्कॅन लावलं. इन्व्हर्टरवर सहा तास पुरवायचं होतं म्हणून पंखा बंद, झेरॉक्स बंद. प्रतिक्षानं मोबाइल चार्जिंगला लावला होता, तो काढायला लावला. घरी तर लाइट न्हाईच. तिचा मोबाइल बंदच पडला होता. म्हणलो, एक दिवस मोबाइल न्हाई बघितला तर काही होत न्हाई.

दुपारी २.००. प्रतिक्षा म्हणली, मी पुजाच्या घरी जाते. पुजा तिची मैत्रीण, गावात राहते. तिच्या हातात फाइल होती. फाइल कशाला, विचारलं, तर म्हणली, दाखवायला. जा म्हणलो. रुसलेली होती.

३.५०. स्कॅन संपलं. "शून्य धोके आढळले." बघा किती खोल लपवलंय त्यानं.

४.१२. माझ्या फोनवर ओटीपी. "प्रवेश निश्चितीसाठी ओटीपी." सहा आकडे. मी तर कॉम्प्युटरला हातबी लावला न्हाई! मंजे कुणीतरी प्रतिक्षाच्या खात्यात घुसलं. उठून शटरबाहेर जाऊन पलीकडं बघितलं. देविदासच्या दुकानाला कुलूप. दुपारपासून गायब. आता काय उरलं समजायचं?

४.१५. अनोळखी नंबरवरून फोन. "बाबा, मी प्रतिक्षा. ओटीपी आला का? लवकर सांगा."

हुबेहूब. पण साहेबांनी प्रशिक्षणात हेच सांगितलं होतं, आजकाल घरच्या माणसाचा आवाज काढून ओटीपी मागतात, घाई करतात, रडतात. घाबरायचं न्हाई, प्रश्न विचारायचे. मी विचारलं, "कुठून बोलतेस?"

उत्तर आलं, "पुजाच्या घरून."

मागं प्रिंटरचा आवाज येऊन राहिला होता. पुजाच्या घरी कुठला प्रिंटर, अन् लाइट तरी कुठली? पकडला! मी म्हणलो, "आपल्या म्हशीचं नाव काय?"

"बाबा, काय लावलंय हे? हरणी. सांगा ना लवकर."

आता हरणी तर देविदासलाबी माहीत. वाटणीआधी तोच धार काढायचा. मी विचारलं, "माझ्या उजव्या गुडघ्यावर काय हाय?"

"विहिरीत पडलात तवाची खूण."

विहिरीतून मला देविदासनंच वर ओढलं होतं. हेबी गेलं. मंग मी असं विचारलं जे तिसऱ्या माणसाला माहीत नसंल. "तुझ्या आईला दवाखान्यात नेलं तवा तिच्या अंगावर कोणतं लुगडं होतं?"

मंग आवाज आला, "निळं. पांढऱ्या ठिपक्यांचं. पदर जीपच्या दारात अडकला होता. बाबा, साडेचार वाजत आले."

जीप त्या दिवशी देविदासच चालवत होता. पदर त्यानंच सोडवला होता.

इथं एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण खरं लिहायचं ठरवलंय. त्या घडीला माझी जीभ पयल्या आकड्यावर आली होती. पण मी विचार केला, जे जे माझ्या लेकीला माहीत ते ते सगळं देविदासला माहीत. एकाच घरात राहिलेले. त्याला फसवता येईल असा प्रश्नच माझ्यापाशी न्हाई. मंग विश्वास ठेवायचा कशावर? लालसिंगच्या पोराच्या वेळेला पण साइट हुबेहूबच होती.

ती रडायला लागली. रडणंबी हुबेहूब. म्हणली, "मला ओळखू नका बाबा, पण नंबर सांगा."

मी फोन कापला. ४.३४ अन् ४.४१ ला पुन्हा ओटीपी आले. दोन्ही पुसले. मंग मोबाइलवरून तिच्या खात्याचा पासवर्डच बदलून टाकला अन् फोन बंद केला. ४.४८.

खाल्ला मार देविदासनं. पोरीची जागा रद्द करायचा डाव होता, दुसरं काय. लालसिंगचं पोरगं मला वाचवता आलं न्हाई, पण माझी लेक वाचवली. आज शिला असती तर म्हणली असती, एवढा खमक्या होता व्हय तुमी. उद्या मुदतवाढीची बातमी येईल, स्कॅन पुन्हा लावू.

त्याच दिवशी, साडेसात

प्रतिक्षा आली. देविदासच्या मोटरसायकलवरून उतरली. पायांवर चिखल, हातात फाइल. देविदास खाली उतरला न्हाई, गाडी चालूच ठेवून उभा राहिला.

मी तिच्याकडं बघून विचारलं, "कुठं होतीस?" मला उत्तर माहीत होतं. ती दारात आली तवाच माहीत झालं.

ती म्हणली, "कळमनुरीला. काकानं नेलं. सगळं चढवलं होतं बाबा. फक्त सहा आकडे राहिले होते."

मंग टेबलावरची ही वही तिला दिसली. म्हणली, "लिहा. साडेसात. प्रतिक्षा आली." अन् घरात गेली.

मी लिहून राहिलो.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मुदतवाढ न्हाई. दर दहा मिनिटांनी मोबाइलवर बघितलं. न्हाई झाली.

ब्लॉक यादी उघडली. काल देविदासचे सतरा फोन. पयला दुपारी ३.५५ चा, ओटीपी यायच्या आधीचा. मला सांगायलाच केला असंल.

माय आली, काठी टेकत. बसली न्हाई. म्हणली, "विजय, तू जन्मला तवा घरात दिवा नव्हता. मी अंधारात तुझा आवाज ओळखला होता." एवढंच बोलून गेली. मी चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

दुपारी देविदास दुकानात आला. दोन वर्षांत पयल्यांदा. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणला, "दादा, मला भाऊ म्हणू नको, चालतं. तिला तर लेक म्हणायचं होतं." मी म्हणलो, तू गुपचूप नेलीस काहून, मला सांगून न्यायची. तो म्हणला, "तुला सांगितलं असतं तर तू नेऊ दिली असतीस?"

त्याचा प्रश्न हितं जसाच्या तसा लिहून ठेवला.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल नवीन डीपी बसली, लाइट आली. प्रतिक्षा तीन दिवसांनी दुकानात आली. माझ्याशी बोलायला न्हाई, कॉम्प्युटरशी. मी उठून खुर्ची दिली. तिनं साइट उघडली, लाल झाली. मी बारीक अक्षरं सोडून देत होतो, ती तिनं बोट ठेवून वाचली. मंग खालच्या कोपऱ्यात बघितलं.

"आज किती तारीख हाय बाबा?"

"सोळा ऑगस्ट."

"ह्याच्यात सतरा जुलै हाय."

मी सांगितलं तिला. तीस दिवसांचं, फुकटचं, घड्याळ मागं नेल्याचं. सांगताना माझाच आवाज मला बारीक वाटला.

ती शांतपणे म्हणली, जसं गिऱ्हाइकाला सांगतात तसं, "प्रत्येक साइटला ओळखपत्र असतं. त्याच्यावर कधीपासून चालू ते लिहिलेलं असतं. ह्या साइटनं ऑगस्टच्या सुरुवातीला नवीन घेतलं. तुमच्या कॉम्प्युटरात ऑगस्ट लागलाच न्हाई. ढालीला वाटलं, उद्याच्या तारखेचं ओळखपत्र दाखवती मंजे खोटीच हाय."

तिनं तारीख बराबर केली. दोन टिचक्या. साइट उघडली. हिरवी, स्वच्छ, ढालीनं चकार शब्द काढला न्हाई. वर ठळक लिहिलं होतं, "पहिली फेरी समाप्त."

किडा न्हाई, डबा न्हाई, देविदास न्हाई. मी. चार तारखेला दोन टिचक्या मारल्या असत्या तर पोरगी आज नांदेडला असती. तातेराव मामा तर चोवीस जुलैलाच विचारून गेले होते, चुकली काहून. ते ह्याच वहीत माझ्या अक्षरात हाय. पाच पानं मागं जाऊन वाचलं. देविदासविरुद्ध लिहिलेल्या सगळ्या पानांवर माझंच नाव येऊन राहिलं.

मला लाज वाटून राहिली. एवढी, की गिऱ्हाइकाकडं बघवत न्हाई. भिंतीवर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लॅमिनेशन करून लावलं होतं, ते काढून कपाटात ठेवलं. साहेबांनी चूक सांगितलं नव्हतं. त्यांनी चोरापासून जपायला सांगितलं होतं.

संध्याकाळी देविदासकडची इन्व्हर्टरची वायर परत जोडली. पत्र्याखालून हात घालून जोडावी लागते. तिकडून कुणीतरी टोक पुढं सरकवलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दुसऱ्या फेरीसाठी पासवर्ड पाहिजे म्हणून प्रतिक्षानं मागितला. मी कागदावर लिहून दिला. तिनं खात्यातला मोबाइल नंबर बदलला. माझ्या समोरच बदलला, लपवून न्हाई. जुना नंबर पुसला, नवीन टाकला. शेवटचे आकडे बघून मी ओळखला, दोन वर्षं ब्लॉक यादीत तोच होता.

मी म्हणलो, "तुझाच टाकायचा."

"माझा बंद पडतो बाबा. चार्जिंग नसलं की."

२५ ऑगस्ट, सोमवार

दुसरी यादी. नांदेड भरलं. तिला गोंदिया लागलं. नकाशात बघितलं. महाराष्ट्राच्या त्या टोकाला. हितून नांदेड, मंग नागपूर, मंग पुढं. सुट्टीत येईल, दिवाळीत.

ती खूश न्हाई अन् नाराजबी न्हाई. म्हणली, "सरकारी हाय. चांगलं हाय." मी पेढे आणले. तिनं एक उचलला, देवापुढं ठेवला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले, म्हणून आज फाट्यावर गर्दी कमी. शेवटची तारीख तीस हाय, पण प्रतिक्षा आजच पक्कं करून टाकते म्हणली. मुदतवाढीचं नाव कुणी काढलं न्हाई.

माझा कॉम्प्युटर चालू होता, तारीख बराबर होती, साइट उघडून ठेवली होती, प्रिंटरमधी कागद भरून ठेवले होते. ती माझ्या दुकानासमोरून गेली अन् पलीकडं शिरली. माय तर पंधरा दिवस उलटले तरी तिकडंच हाय. मी हाक मारली न्हाई. पत्र्याच्या पलीकडं जाईल त्यानं तोंड दाखवायचं न्हाई, हे माझंच बोलणं. तरी जाताना तिनं माझ्याकडं बघितलं.

मधीच लाइट गेली. देविदासचा प्रिंटर थांबला न्हाई. माझ्या इन्व्हर्टरवर चालू राहिला. मी माझा पंखा बंद केला, झेरॉक्सचं बटण बंद केलं, शेवटी कॉम्प्युटरबी बंद केला, तिकडं कमी पडायला नको म्हणून.

मंग देविदासच्या फोनची बारीक घंटी वाजली. तो म्हणला, "आला बाई. लिही." अन् एकेक आकडा सांगितला. घाई न्हाई, प्रश्न न्हाई. तिनं "हं" म्हणलं. थोड्या वेळानं माय म्हणली, "झालं का गं?" ती म्हणली, "झालं."

पत्रा पातळ हाय, सगळं ऐकू येतं. मीबी लिहून घेतले. ७०४४९२. नंतर माझा फोन उघडून बघितला. चालू होता, पूर्ण चार्ज होता. त्याच्यावर काही आलं नव्हतं.